पस्तीस किलोंचा कॅल्क्युलेटर

१० फेब्रुवारी १९७० रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने ३४,९५,२२२ क्रमांकाचे पेटंट मंजूर केले. शोधकर्त्यांमध्ये पिअर जॉर्जो पेरोत्तो आणि जोव्हान्नी दे सान्द्रे ही नावे आहेत. दोघेही इटलीतल्या ऑलिव्हेटी कंपनीचे अभियंते. पेटंटच्या शीर्षकाचा अर्थ 'आज्ञावलीने चालणारा इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर' असा होतो. हे यंत्र म्हणजे टेबलावर ठेवायचा, सुमारे ३५ किलो वजनाचा प्रोग्रामा १०१. मात्र ते तयार होत असताना कंपनीच्या अंतर्गत कागदांवर त्याची नोंद 'कॅल्क्युलेटर' अशी झाली होती. अमेरिकेतल्या जाहिरातींनी त्याला 'टेबलावरचा कॉम्प्युटर' म्हटले. आणि ज्याने ते चंद्रमोहिमेच्या कामात प्रत्यक्ष वापरले, त्या नासाच्या अभियंत्याने पुढे आठवणी सांगताना त्याला एक प्रकारचा महा-कॅल्क्युलेटर म्हटले.

एका यंत्राची इतकी नावे पाहिली की वाटते, हा शब्दांचा घोळ असावा. मराठीतही आपण एकाला गणकयंत्र म्हणतो आणि दुसऱ्याला संगणक. दोन्हींचे मूळ एकच, 'गण्' म्हणजे मोजणे. तरी बोलताना आपल्याला दोहोंत फरक वाटतो, आणि तो वाटणे चूक नाही. प्रश्न एवढाच की तो फरक यंत्राच्या पोटात असतो की यंत्रावर चिकटवलेल्या चिठ्ठीत? गेली काही वर्षे मी प्रोग्रामा १०१ च्या मागे लागलो आहे तो या प्रश्नापायी.

मी अभियंता नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर, आयुष्य हिशेबाच्या नोकरीत गेले. इलेक्ट्रॉनिक्स जे काही येते ते पुस्तकांतून आणि पेटंटच्या आकृत्यांतून शिकलेले. कदाचित म्हणूनच असेल, या यंत्राकडे मला आधी कारकुनाच्या नजरेने बघावेसे वाटले : यात किती माल मावतो, आणि तो ठेवतात कुठे?

मावतो फार थोडा. २४० अक्षरे. आज मोबाइलवर आपण शुभेच्छांचा एखादा संदेश पाठवतो, तेवढी या यंत्राची संपूर्ण स्मृती. त्या २४० अक्षरांचे दहा खण केलेले आहेत, प्रत्येकात चोवीस घरे. एका खणात बावीस अंकी संख्या, तिचे दशांश चिन्ह आणि तिचे अधिक-उणे चिन्ह एवढे बसते. दहांपैकी तीन खण प्रत्यक्ष आकडेमोडीसाठी, पाच आकडे सांभाळून ठेवण्यासाठी आणि दोन फक्त आज्ञांसाठी. साठवणीच्या पाच खणांना बी, सी, डी, ई आणि एफ अशी नावे आहेत. लहान संख्या असतील तर या खणाचे मधोमध दोन भाग करता येतात. आपल्याकडे फडताळात फळी मारून एकाचे दोन कप्पे करतात तसे.

आता हे ठेवलेले कुठे, ते पाहू. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मोठ्या संगणकांत स्मृतीसाठी लोहचुंबकीय कड्यांची जाळी वापरत. ती हाताने ओवावी लागत आणि महाग पडत. टेबलावरच्या यंत्राला तो खर्च झेपणारा नव्हता. पेरोत्तोंच्या चमूने वापरली ती एक धातूची तार, वेटोळे करून बसवलेली. तारेच्या एका टोकाशी विद्युतस्पंद दिला की चुंबकत्वामुळे धातूला सूक्ष्म पीळ किंवा ताण बसतो आणि ध्वनीसारखी एक यांत्रिक लहर तारेतून धावत सुटते. दुसऱ्या टोकाला ती पोहोचली की तिचा पुन्हा विद्युतस्पंद होतो. तो ताजातवाना करून लगेच पहिल्या टोकाला परत सोडायचा. लहरीला तार ओलांडायला लागतात २.२ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात तारेवर एकामागे एक जितके स्पंद मावतील, तितकी स्मृती.

इमारतीचा स्लॅब पडताना बायाबापड्यांची रांग घमेली हातोहात पुढे देते, ते दृश्य डोळ्यांसमोर आणा. फक्त इथे रांग वर्तुळाकार आहे आणि घमेले कोणीच खाली ठेवत नाही. माल कुठेच 'ठेवलेला' नाही. तो फिरतो आहे म्हणून आहे. वीज गेली की रांग थांबते आणि सगळे पुसले जाते. मला हवा तो आकडा वाचायचा तर तो फिरत फिरत टोकाशी येईपर्यंत थांबायचे. बेरीजही एकेक अंक समोर येईल तशी, एकक, दशक, शतक, हातचा धरत धरत. आपण शाळेत पाटीवर करायचो अगदी तशी, फक्त पाटी पळती आहे. कल्पना जुनीच होती. १९४९ साली केंब्रिजमध्ये सुरू झालेल्या एडसॅक या संगणकात हेच काम पाऱ्याने भरलेल्या नळ्या करत. पाऱ्याऐवजी तार आणि खोलीभर नळ्यांऐवजी एक चपटे वेटोळे, एवढ्या बदलाने ती टेबलावर आली.

इथवर हे एक चतुर गणकयंत्र झाले. खरी गोष्ट पुढे आहे, आणि ती मला पेटंट वाचून नव्हे, कागदावर चौकोन आखून कळली. दहा ओळी, प्रत्येक ओळीत चोवीस चौकोन. पेन्सिलने एकेक आज्ञा एकेका चौकोनात लिहायची आणि खोडरबर घेऊन स्वतःच यंत्र व्हायचे.

उदाहरण घेतले ते माझ्या धंद्यातले. हजार रुपये कर्ज, दरमहा एक टक्का व्याज, शंभराचा हप्ता. दर महिन्याची बाकी छापायची आणि कर्ज फिटले की थांबायचे. बी खणात बाकी १०००, सी खणात १.०१, डी खणात १००. आज्ञा अशा : बाकी घे, १.०१ ने गुण, हप्ता वजा कर, छाप, नवी बाकी बी खणात ठेव. पहिल्या फेरीला ९१०, दुसरीला ८१९.१०. आता पुढची आज्ञा : बाकी शून्यापेक्षा जास्त असेल तर आरंभाशी जा. नसेल तर पुढे चाल आणि थांब. दहाव्या फेरीनंतर ५८ रुपये ४० पैसे उरतात, अकराव्या वेळी बाकी ऋण होते आणि यंत्र थांबते. अकरा हप्ते लागणार हे त्याला आधी कोणी सांगितलेले नव्हते. ते त्याने हिशेब करता करता ओळखले.

ही 'असेल तर'ची आज्ञा, म्हणजे सशर्त उडी, साध्या कॅल्क्युलेटरात नसते. प्रोग्रामा १०१ च्या कळफलकावर व्ही, डब्ल्यू, वाय, झेड अशा चार कळा आहेत. प्रोग्राम कुठून सुरू करायचा आणि उडी मारून कुठे जायचे, त्या जागांची ही नावे.

पण याहूनही महत्त्वाची गोष्ट चौकोनांच्या हिशेबात दडली होती. फक्त आज्ञांसाठी राखलेले खण दोन, म्हणजे २४ दुणे ४८ आज्ञा. यंत्राच्या माहितीत मात्र १२० आज्ञांची मर्यादा दिलेली आढळते. उरलेल्या ७२ कुठे जातात? ७२ म्हणजे बरोबर तीन खण. प्रोग्राम लांबला की तो डी, ई, एफ या खणांत शिरतो, जिथे एरवी आकडे असतात. आज्ञा वाढल्या की आकड्यांची जागा कमी, आकडे वाढले की आज्ञांची. पूर्ण १२० आज्ञा लिहिल्या तर साठवणीला बी आणि सी एवढेच दोन खण उरतात.

वरवर पाहता ही जागेची ओढाताण आहे. पण तिचा अर्थ असा की या तारेला आज्ञा आणि आकडा यांत भेद ठाऊक नाही. दोन्ही एकाच प्रकारचे स्पंद, एकाच रांगेत धावणारे. काम आणि कामाचा माल एकाच स्मृतीत ठेवायचा, ही कल्पना १९४० च्या दशकाच्या मध्यावर मांडली गेली आणि तिच्यावर सगळे आधुनिक संगणक उभे आहेत. पेटंटात 'कॉम्प्युटर' हा शब्द का आला, ते मला त्या ७२ आज्ञांनी सांगितले. (त्याला मुळाक्षरे येत नाहीत, फक्त आकडे येतात, हा आक्षेप मी ऐकला आहे. पण गणित करायला आलेल्याकडून पत्र लिहून घेण्याचा हट्ट कशाला?)

प्रोग्राम एकदा रचला की प्लास्टिकच्या चुंबकीय कार्डावर उतरवून ठेवता येई. दुसऱ्या दिवशी, किंवा दुसऱ्या गावी, तेच कार्ड यंत्रात सरकवले की सगळ्या आज्ञा तारेवर परत हजर. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ यांच्या कळा होत्या, साइन-कोसाइनच्या नव्हत्या. साइन हवा तर त्याच्या श्रेणीतली पदे मिळवत नेणारा प्रोग्राम कार्डावरून घालायचा. उत्तर कागदाच्या अरुंद गुंडाळीवर छापून येई. पडदा नाही. हिशेबनीसाला तेच सोयीचे. कागद फायलीला लावता येतो.

आता नावांकडे वळू. त्यासाठी इव्रेयाला जायला हवे. तोरिनोच्या उत्तरेला, आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या या गावात कामिल्लो ऑलिव्हेटी यांनी १९०८ साली टाइपरायटरचा कारखाना काढला. त्यांचा मुलगा आद्रियानो याने तो जगभर पोहोचवला. पन्नाशीच्या दशकात कंपनीची खरी दुभती गाय होती ती नाताले कापेल्लारो यांनी घडवलेली यांत्रिक गणकयंत्रे, विशेषतः १९५६ ची दिविसुम्मा २४. कापेल्लारो कारखान्यात पोरवयात साधे कामगार म्हणून लागले, अभियांत्रिकीचे कॉलेज न पाहता कंपनीच्या तांत्रिक विभागाचे प्रमुख झाले, आणि मग विद्यापीठाने त्यांना मानद पदवी दिली. दातेरी चाके आणि तरफा यांचे इतके गुंतागुंतीचे काम फार थोड्यांनी केले असेल. या माणसाबद्दल मला विशेष माया वाटते, त्याचे कारण वाचकांनी ओळखले असेलच.

त्याच काळात आद्रियानोंनी इलेक्ट्रॉनिक्समध्येही पैसा घातला. पिसाजवळ बार्बारिचीना येथे १९५५ साली प्रयोगशाळा सुरू झाली. तिचा प्रमुख मारिओ चू, रोममधल्या चिनी राजनैतिक अधिकाऱ्याचा मुलगा. १९५९ मध्ये त्या चमूने एलेआ ९००३ हा संपूर्ण ट्रान्झिस्टरवर चालणारा मोठा संगणक लोकांपुढे आणला. त्यानंतर दोन घाव लागोपाठ बसले. २७ फेब्रुवारी १९६० रोजी आद्रियानो धावत्या रेल्वेत वारले. ९ नोव्हेंबर १९६१ रोजी चू मोटार अपघातात गेले. या दोन मृत्यूंभोवती कटाच्या कहाण्या बऱ्याच विणल्या गेल्या आहेत. मला त्यांत पुरावा दिसत नाही, म्हणून त्या इथे सोडून देतो. कंपनी खाली यायला कटाची गरज नव्हती. कर्ज पुरेसे होते.

१९६४ साली ऑलिव्हेटी अडचणीत आली आणि बड्या उद्योगांचा व बँकांचा एक गट तिला सावरायला आला. फियाटचे अध्यक्ष व्हित्तोरिओ वाल्लेत्ता यांचे मत स्पष्ट होते : कंपनीची बाकी तब्येत ठीक आहे, इलेक्ट्रॉनिक्स हा तेवढा काढून टाकायचा डाग आहे, कारण त्यात लागणारे भांडवल इटलीतल्या कोणत्याही कंपनीला परवडणारे नाही. इलेक्ट्रॉनिक्स विभागाचा मोठा हिस्सा अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकला विकला गेला.

पेरोत्तो, दे सान्द्रे आणि गास्तोने गार्झिएरा यांचा छोटा चमू तेव्हा मिलानमध्ये टेबलावरच्या यंत्रावर काम करत होता. विभाग विकला जाणार म्हणजे तेही विकले जाणार, आणि जनरल इलेक्ट्रिकला मोठ्या संगणकांत रस होता. टेबलावरच्या या खेळण्यात नव्हता. चमूतल्या मंडळींनी पुढे सांगितलेली हकीकत अशी की हस्तांतराच्या वेळी यंत्राच्या नोंदीत 'कॉम्प्युटर'च्या जागी 'कॅल्क्युलेटर' लिहिले गेले. कॉम्प्युटर अमेरिकनांचे, कॅल्क्युलेटर मात्र ऑलिव्हेटीचा खानदानी धंदा, तो विक्रीत नव्हता. यंत्र इव्रेयाच्या ताब्यात राहिले. तारेतल्या स्पंदांत काडीचा बदल झाला नाही. आद्रियानोंचे चिरंजीव रॉबेर्तो यांचे पाठबळही या चमूला होते, ते नसते तर एकट्या शब्दाने काय वाचवले असते, सांगवत नाही.

पेरोत्तोंनी १९९५ साली या सगळ्याचे पुस्तक लिहिले. ते मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. त्यात एक प्रसंग आहे, कापेल्लारो नमुना यंत्र बघायला आले त्याचा. ते चालताना पाहून या म्हाताऱ्या कारागिराने जे सांगितले त्याचा आशय असा की यांत्रिकीचा जमाना संपला. ज्याचे सारे आयुष्य दातेरी चाकांत गेले आणि ज्याच्या चाकांवर कंपनी पोसली गेली, त्याने हे म्हणणे ही साधी गोष्ट नाही. वरच्या व्यवस्थापनातल्या पुष्कळांना ते तेव्हा दिसलेच नव्हते.

त्याचे प्रत्यंतर ऑक्टोबर १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या बेमा प्रदर्शनात आले. कार्यालयीन यंत्रांचे हे मोठे प्रदर्शन. ऑलिव्हेटीने दर्शनी भागात मांडले ते लोगोस २७ हे नवे यांत्रिक गणकयंत्र. प्रोग्रामा १०१ मागच्या एका छोट्या खोलीत. लोक लोगोसवरून नजर फिरवून मागच्या खोलीत गर्दी करू लागले. एवढेसे यंत्र आपल्या आपण हिशेब करते यावर विश्वास न बसून कुठे मोठ्या संगणकाला जोडलेली वायर दडलेली आहे का, हे ते शोधत होते. किंमत होती ३,२०० डॉलर. त्याच वर्षी आलेला पीडीपी-८ हा 'लहान' संगणक सुमारे १८ हजार डॉलरला होता. प्रोग्रामा १०१ ची पुढे सुमारे ४० हजार यंत्रे खपली, बहुतेक अमेरिकेत.

नासाने त्यातली काही घेतली. अपोलो ११ च्या वेळी चांद्रयानाचा मोठा अँटेना पृथ्वी कुठे आहे हे आपले आपण ओळखू शकत नव्हता. त्याचे कोन जमिनीवरून काढून द्यावे लागत, आणि त्यासाठी प्रोग्रामा १०१ वर चार वेगवेगळे प्रोग्राम चालवावे लागत, असे तिथल्या अभियंत्याने सांगून ठेवले आहे. चार का, हे त्याने फोडून सांगितलेले नाही. पण माझा चौकोनांचा कागद समोर धरला तर अंदाज करता येतो. साइनची कळ नाही, १२० आज्ञांची हद्द. कोनांचे गणित एका कार्डात मावणारे नव्हते. एकाचे उत्तर कागदावर घ्यायचे, दुसरे कार्ड सरकवायचे, पुढे जायचे. त्याच सुमारास हेच यंत्र अमेरिकेच्या हवाई दलाकडेही होते. व्हिएतनाममध्ये बी-५२ विमानांनी बाँब कुठे टाकायचे त्याचे सहनिर्देशक त्यावर काढले जात. यंत्राच्या गौरवपर लेखनात चंद्र हमखास असतो, व्हिएतनाम क्वचित. तारेला तोही भेद ठाऊक नव्हता.

१९६८ साली ह्यूलेट-पॅकार्डने ९१०० ए हे यंत्र बाजारात आणले, किंमत ४,९०० डॉलर. हे जास्त ताकदीचे होते. तारेच्या जागी चुंबकीय कड्यांची स्मृती, कागदाऐवजी तीन संख्या एकदम दाखवणारा पडदा, आणि साइन, लॉगरिथम यांच्या थेट कळा. या कळांमागची युक्ती सुंदर आहे : जॅक व्होल्डर यांनी १९५० च्या दशकात विमानांच्या दिशादर्शनासाठी बसवलेली कॉर्डिक ही रीत, जिच्यात कोनाचे गणित मुख्यतः बेरीज-वजाबाकी आणि अंक सरकवणे यांवर भागते. तरीही घराची ठेवण ओळखीची वाटते. चुंबकीय कार्ड इथेही आहे. १६ खणांपैकी १४ खणांत आज्ञा किंवा आकडे काहीही ठेवा, प्रत्येकी १४ आज्ञा, एकूण १९६. उरलेले दोन फक्त आकड्यांना. तीच ओढाताण. ह्यूलेट-पॅकार्डने ऑलिव्हेटीच्या पेटंटांपोटी सुमारे ९ लाख डॉलर मोजले.

आणि याही यंत्राला कंपनीने नाव दिले ते कॅल्क्युलेटर. बिल ह्यूलेट यांनी नंतर त्याचे कारण सांगितले : कॉम्प्युटर म्हटले असते तर ग्राहक कंपन्यांतल्या संगणक विभागाच्या पंडितांनी ते नाकारले असते, कारण ते आयबीएमसारखे दिसत नव्हते. म्हणजे खरेदीच्या अर्जावर 'कॉम्प्युटर' लिहिले की तो वरच्या समितीकडे जाणार. 'कॅल्क्युलेटर' लिहिले की विभागप्रमुखाच्या सहीवर भागणार. सरकारी किंवा खाजगी, कुठल्याही कचेरीत ज्याने मागणीपत्रे भरली आहेत, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

मिलानमध्ये शब्द बदलला तो यंत्र विकले जाऊ नये म्हणून, कॅलिफोर्नियात शब्द निवडला तो यंत्र विकले जावे म्हणून. दोन्हीकडे युक्ती फळली, आणि दोन्हीकडे तिची किंमत नंतर चुकवावी लागली. संगणकाच्या इतिहासाची पुस्तके लिहिली गेली तेव्हा लेखकांनी याद्या चाळल्या त्या 'कॉम्प्युटर' या सदराखालच्या. वैयक्तिक संगणकाची कथा १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या गॅरेजांपासून सुरू करण्याची रीत पडली. पेरोत्तोंच्या पुस्तकाच्या उपशीर्षकात ही कथा आजवर न सांगितलेली असल्याचा उल्लेख आहे, त्यात थोडी कडवटपणाची छटा मला दिसते. 'जगातला पहिला' या पदवीवरून चाललेल्या भांडणात मला गोडी नाही. पहिलेपण व्याख्येप्रमाणे हलते. पण सशर्त उडी आणि आज्ञा-आकड्यांची एकच तार टेबलावर आणणारे यंत्र यादीतूनच गळावे, हे त्याच्या नावामुळे झाले, गुणांमुळे नव्हे.

न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात मात्र प्रोग्रामा १०१ आहे. त्याचे अ‍ॅल्युमिनियमचे उतरते अंग मारिओ बेलिनी या तेव्हा तिशीत असलेल्या वास्तुकाराने घडवले होते. मार्को झानुसो यांचा आधीचा आराखडा पेरोत्तोंना मोठा आणि बोजड वाटला म्हणून बाजूला ठेवला गेला होता. संग्रहालयाने यंत्र घेतले आहे ते वास्तुकला आणि अभिकल्प या विभागात, बेलिनींच्या नावावर.